पट्टेवालीचा खड्डा

नाझारिओ चांबिल्याने आयुष्यभर माती कालवली. बाराव्या वर्षी त्याने पहिली कच्ची वीट साच्यातून काढली, आणि एकोणसाठाव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा शेवटची. एकट्याने दिवसाला एकशेवीस विटा. जोडीला माणूस असला तर दोनशेवीस. दुप्पट कधीच नाही, कारण दोन माणसं असली की बोलणं होतं. माती आदल्या संध्याकाळी भिजत घालायची, सकाळी तीत डोंगरी गवत तोडून टाकायचं आणि तुडवायचं. पाय ओढताना फट्ट आवाज आला तर चिखल कच्चा. आवाज बंद होईपर्यंत तुडवायचं. कालापाता गावातली निम्मी घरं त्याच्या विटांची. सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याने त्यातली एकही भिंत कललेली नाही.

खड्डा पाहिला की तो कशाने खणला, किती वेळात खणला आणि खणणारा डावखुरा होता की उजवा, हे तो सांगत असे. आपल्या घरामागचा खड्डा मात्र त्याला कळायला नऊ दिवस लागले.

नोव्हेंबर संपत आला होता. शेतात बटाट्याची रोपं वीतभर वर आली होती. घरात दोघंच, नाझारिओ आणि त्याची बायको कासिमीरा. मुलगी लग्न होऊन सरोवरापलीकडे गेलेली, सणाला येई. जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याच्या, गारठ्यात कासिमीराच्या छातीत कफ धरला होता. तो ऑगस्टात सुटला, पण अंगात ताकद काही परत आली नाही. पूर्वेकडच्या भिंतीला लागून मातीचा ओटा होता, त्यावर मेंढीच्या कातड्यांत ती पडून असे. उठून चुलीपर्यंत जाई, परत येई. ओटा नाझारिओनेच बांधलेला. शेहेचाळीस विटा, त्या पाडून सुकवण्यासकट चार दिवसांचं काम, आतून पोकळ, म्हणजे जमिनीचा गारठा वर चढत नाही.

एका पहाटे मेंढ्या सोडायला तो घरामागे गेला. पूर्वेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी माती उकरलेली होती. दीड वीत लांब, वीतभर रुंद. तिथे वास होता, जळक्या रबरावर लसूण ठेचावा तसा.

पट्टेवाली येऊन गेली होती.

पुस्तकात तिला स्कंक म्हणतात. तिथल्या आयमारा बोलीत तिचं नाव अन्यातुया, पण घराच्या आवारात हे नाव कोणी तोंडातून काढत नाही. पट्टेवाली म्हणायचं. मांजराएवढं काळं जनावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे, पुढच्या पायांना लांब नखं. शेतात ती दिसली तर कोणी दगड मारत नाही, कारण बटाट्याच्या मुळांतली हुमणी अळी ती वेचून खाते. शेतातली पट्टेवाली चांगली. भिंतीशी उकरणारी पट्टेवाली थडगं खणते. त्या घरातल्या माणसाचं.

नाझारिओने फावडं आणलं, माती आत ढकलली, पायाने दाबली. हात झटकून घरात आला.

"मागे काय करत होता?" कासिमीराने विचारलं.

"मेंढ्या सोडल्या."

"फावड्याने?"

तो चुलीत फुंकर मारू लागला.

"मला सांगायचं नसेल तर नका सांगू," ती म्हणाली. "मी रात्रभर ऐकत होते. माझ्या पाठीखाली कोणीतरी उकरत होतं."

दुसऱ्या पहाटे खड्डा पुन्हा होता. दोन वीत लांब. तोही त्याने उजाडायच्या आत बुजवला.

त्या दिवशी कासिमीराची धाकटी बहीण सेवेरीना आली. तिचं घर ओढ्यापलीकडे. तिचा आवाज नेहमी तिच्या आधी दारात पोचायचा.

"दाजी, हा वास घराचा आहे की तुमचा?"

"माझाच. तुझ्या स्वागताला."

"तरी मी ताईला म्हणायचे, चिखल तुडवणारा करू नकोस, सुकला तरी वास राहतो." मग ती घरामागे जाऊन आली आणि तिचा चेहरा बदलला होता. ती बहिणीजवळ बसली. "ताई, किती वीत झाला?"

"दोन. आईच्या वेळी सहा वीत झाला होता."

"आईचं वय झालं होतं."

"आई माझ्याएवढीच होती, सेवे. मोजून बघ."

सेवेरीनाने मोजलं नाही. ती सरळ गेली आणि दुपारी इलारिओन म्हाताऱ्याला घेऊन आली. त्याला सगळे ताता म्हणत. तो कोकाची पानं टाकून शकुन वाचायचा. पानं त्याने कासिमीराच्या शालीवर टाकली, बराच वेळ पाहिली आणि गोळा करून पिशवीत भरली.

"खड्डा सुरू झालाय," तो म्हणाला. "आता एकच गोष्ट सांभाळायची. रोज सूर्य वर यायच्या आत तो बुजवायचा. उन्हाने त्याचा तळ पाहिला की खड्डा आपलं माणूस ओळखतो."

"आणि ती परत खणेल," नाझारिओ म्हणाला.

"खणेल. तू परत बुजव."

"किती दिवस, ताता?"

"कोण आधी थकतंय ते बघ."

हे नाझारिओला पटलं. पानांचं त्याला कळत नव्हतं, पण ही कामाची गोष्ट होती. कोण आधी थकतं यात तो आजवर हरला नव्हता.

तिसऱ्या पहाटेपासून त्याने नीट काम धरलं. कंदील, फावडं, घमेलं आणि माती चोपायचं धुम्मस. आधी ओंजळभर खडी, तिच्यावर मातीचा थर, थराला साठ ठोके. मग दुसरा थर, पुन्हा साठ. वरचा थर ओल्या चिकणमातीचा, गवत घातलेला, विटेसारखा. सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतानाच काम संपलेलं असे. दिवसा ती जागा भिंतीसारखी घट्ट वाजे. आणि दुसऱ्या पहाटे तिथे खड्डा असे, कालच्याहून मोठा.

एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. खड्ड्यातली माती परत खड्ड्यात घातली की थोडी उरतेच, कितीही चोपा. इथे ती पुरत नव्हती. चौथ्या दिवशी त्याला दोन घमेली माती बाहेरून आणावी लागली. पाचव्या दिवशी तीन. बाहेर सांडलेली माती त्याने हाताने गोळा केली, केरसुणीने झाडली, तरी कमीच. आणि धुम्मस पोकळ वाजत होतं. वरचा थर घट्ट, पण त्याच्या खाली, हातभर खोल, कुठेतरी कोणीतरी आ वासून पडलंय असा आवाज यायचा.

"तुम्ही चोपता ना," कासिमीरा म्हणाली, "तेव्हा माझ्या पाठीला लागतं."

"भिंतीतून हादरा येतो."

"हादरा मला ठाऊक आहे. हे खालून वर लागतं. एकेक ठोका. मी मोजते. साठ."

साठचा आकडा त्याने तिला सांगितला नव्हता.

पाचव्या दिवशी सेवेरीनाने आपला कुत्रा आणला. मूरो नाव, अंगाने वासराएवढा. तो भिंतीशी बांधला. "याने कोल्हा फाडलाय," ती म्हणाली. "तुमची पट्टेवाली म्हणजे याच्या न्याहारीलाही पुरायची नाही."

दिवेलागणीला मूरो दोनदा भुंकला. मग जे किंचाळणं ऐकू आलं ते कुत्र्याचं असेल असं वाटेना. नाझारिओ धावत गेला तेव्हा दोर तुटलेला होता आणि हवेत श्वास घेता येत नव्हता. मूरो ओढ्यात सापडला, पाण्यात तोंड घालून, डोळे मिटून. राख आणि शिळ्या मुताने त्याला तीन वेळा धुतला. तरी त्याला सेवेरीनाच्या नवऱ्याने आठवडाभर अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

"न्याहारी झाली का गं त्याची?" दुसऱ्या दिवशी नाझारिओने विचारलं.

"हसा, हसा. माझ्या स्वैपाकालासुद्धा तोच वास लागलाय. नवरा म्हणतो, माहेरचं काय काय घेऊन येतेस." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "दाजी, ताई जेवत नाही. मघाशी तिने मला तिची ती लांब झालरीची शाल दिली. मी घेतली नाही. तिने माझ्या टोपलीत कोंबली."

"केव्हापासून जेवत नाही?"

"तुम्हाला माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. त्याने दिलेलं गव्हाचं सूप ती हातात धरायची, वाफ जाईपर्यंत धरायची, आणि तसंच खाली ठेवायची. पण ती जेवत नाही असं म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. म्हणून तो ते सूप स्वतः पीत असे आणि भांडं धुऊन ठेवत असे.

सातव्या दिवशी खड्डा पाच वीत झाला. आठव्या दिवशी कासिमीराने भिंतीकडे तोंड करून विचारलं, "माझे कपडे ओढ्यावर कोण धुणार? सेवेला सांगा, वरच्या डोहात धुवायचे. खालच्या डोहात बायका आपलीच धुणी आधी काढतात."

कालापातात माणूस गेलं की आठव्या दिवशी त्याचे कपडे वाहत्या पाण्यात धुतात. तोवर ते माणूस पूर्ण गेलेलं नसतं.

"तुझे कपडे तूच धू," नाझारिओ म्हणाला आणि बाहेर गेला.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा कामाच्या आधी विचार करायला बसला. आठ दिवस तो जिंकण्यासाठी राबला होता, पण समोरचा कामगार कसं काम करतो हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पहाटे अंधारात यायचं, कंदील बाजूला ठेवायचा, सूर्याशी शर्यत लावायची आणि मोकळं व्हायचं. असं काम त्याने दुसऱ्या कोणाचं पाहिलं असतं तर साचा हिसकावून घेतला असता.

त्याने चुलीतली राख चाळली. बुजवलेल्या जागेभोवती चार हात रुंद राखेचा पट्टा घातला, तळहाताने सपाट केला. पट्टेवाली कुठून येते ते कळलं तर वाटेत दगड रचता येतील, एवढाच त्याचा हिशेब होता.

नवव्या पहाटे तो नेहमीपेक्षा लवकर गेला आणि कंदील खाली, राखेला लावून धरला.

पाच बोटांची पावलं होती, प्रत्येक बोटापुढे नखाचा ठिपका. ओळ स्पष्ट होती. त्याने बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली, कारण येणारा बाहेरून येतो. बाहेरून आत येणारी एक ओळ होती. पण ती दुसऱ्या ओळीवरून गेली होती, तिचे ठसे मोडून. खालची ओळ आधीची. ती भिंतीपासून बाहेर जाणारी होती.

त्याने पुन्हा पाहिलं. पहिलं पाऊल भिंतीपाशीच होतं. त्याच्या आधी काही नव्हतं.

मग त्याने खड्ड्याकडे पाहिलं, जसं पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. काल चोपलेला वरचा थर उकरलेला नव्हता. त्याची ढेकळं खड्ड्याबाहेर उलटी पडली होती. त्याने एक सुलटं केलं. धुम्मसाचा गोल ठसा जसाच्या तसा होता, त्यावर नखाचा एकही ओरखडा नाही. ओरखडे खालच्या बाजूला होते.

ती खणत आत जात नव्हती. ती बाहेर येत होती.

रोज दिवस उजाडायच्या आत ती चरून घरी परतायची. आणि तिच्या मागोमाग हा यायचा, कंदील घेऊन, आणि तिच्यावर साठ-साठ ठोके चोपायचा. मग ती दिवसभर तिथे पडून राहायची, भिंतीखाली, ओट्याखाली, कासिमीराच्या पाठीखाली, आणि संध्याकाळी वर माणसाने बांधलेली वीट फोडून बाहेर पडायची. खड्डा रोज वाढत होता, कारण वीट रोज जाड होत होती. आठ दिवस त्याने स्वतःच्या घराखाली एक जिवंत जीव पुरला होता.

फावड्यात माती भरलेली होती. पूर्वेला डोंगरामागे आकाश पांढरं पडलं होतं. एवढ्या वेळात एरवी दोन थर झाले असते. नाझारिओने फावडं रिकामं केलं आणि घरात गेला.

"ठोके आले नाहीत," कासिमीरा म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. "का थांबलात?"

त्याने सगळं सांगितलं. राख, पावलं, ढेकूळ. थोडक्यात, कारण सूर्य थांबणार नव्हता.

"मग?"

"मग खड्डा उघडा ठेवायचा. दिवसभर. संध्याकाळी ती आपल्या पायाने जाईल. आत कोणी नाही अशी खात्री झाली की मी एकदाच बुजवीन, कायमचा."

"दिवसभर उघडा म्हणजे त्यात ऊन पडणार."

"पडणार."

झरोक्यातून येणारा उजेड राखाडी होता, तो पिवळा होऊ लागला.

"चाळीस वर्षं तुमच्या भिंतींवर माझा विश्वास होता," ती म्हणाली. "पण ही भिंत नाही. ताता सांगतो, आई सांगायची, सगळे सांगतात. आणि तुम्ही एक ढेकूळ बघून सांगता."

"ढेकूळ खोटं बोलत नाही, कासी."

"आणि मी मेले तर?"

"तू नाही म्हणालीस तर आत्ता बुजवतो," तो म्हणाला. "अजून वेळ आहे."

कासिमीराने तळहात ओट्यावर ठेवला, जणू खाली कोणी झोपलंय आणि त्याचा श्वास लागतो का ते ती बघत होती. "तिला कोंडायला मी कोण?" ती शेवटी म्हणाली. "पडू दे ऊन. पण तुम्ही इथून हलायचं नाही. मला एकटीला नको."

तो दिवस नाझारिओच्या आयुष्यात सगळ्यात लांब गेला. त्याने काही केलं नाही. उजेडात हात रिकामे ठेवून तो कधी बसला नव्हता. दाराच्या चौकटीत असा बसला की डावीकडे वळलं की ओटा दिसावा आणि चार पावलं गेलं की घरामागचा कोपरा.

"कुठपर्यंत आलं?" आतून तिने विचारलं.

तो बघून आला. "भिंतीवरून उतरतंय."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"खड्ड्याच्या ओठावर."

"आता?"

ऊन आत उतरलं होतं. तो गुडघ्यांवर बसून पाहत होता. खड्ड्याचा तळ पिवळा झाला, आणि तिथून एक भुयार भिंतीखाली वळलेलं दिसलं, माणसाच्या डोक्याएवढं, काठ गुळगुळीत झालेले. आतून ऊबदार, रानटी वास येत होता. आत काहीतरी हललं आणि थांबलं. त्यानेही श्वास रोखला. मातीच्या इकडे तो, तिकडे ते.

"तळाला," त्याने परत येऊन सांगितलं.

"हं," कासिमीरा म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्यानंतर ती हलली नाही. वारा पडला होता, मेंढ्याही ओरडत नव्हत्या. दुपार होता होता नाझारिओला तिचा श्वास ऐकू येईना. तो ओट्याजवळ गेला, तिच्या नाकाशी हाताची पाठ धरली. चिखलाने राठ झालेली कातडी, तिला काही लागेना. मग त्याने गाल धरला. गालाला लागलं, अगदी थोडं. तो तसाच वाकून उभा राहिला. उन्हाने खड्डा सोडला तेव्हाही तो तिथेच होता.

सूर्य सरोवरात बुडाल्यावर तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. आधी नाक दिसलं, लांब, डुकरासारखं, माती हुंगणारं. मग दोन पट्टे. पट्टेवाली बाहेर आली आणि तिने त्याला पाहिलं. शेपटी ताठ उभी राहिली. पुढचे दोन्ही पाय तिने जमिनीवर आपटले. तिथून निघायची ती सूचना होती, आणि ती एकदाच मिळते हे मूरोला ठाऊक नव्हतं. नाझारिओ मागे सरकला नाही, कारण हलणंच धोक्याचं होतं. त्याने फक्त नजर खाली केली. शेपटी हळूहळू उतरली. तिच्या मागून दोन पिल्लं बाहेर पडली, मुठीएवढी, पट्टे असलेली. तिघं एका रांगेत बटाट्याच्या शेताकडे गेली. शेताच्या टोकाला वेचलेल्या दगडांचा ढीग होता, तिथे ती दिसेनाशी झाली.

"गेली," तो आत येऊन म्हणाला. "पिल्लं होती. दोन. म्हणून ती घर सोडत नव्हती."

कासिमीराचे डोळे उघडे होते. "तीन," ती म्हणाली.

"मी मोजली. दोन."

"एक राहिलंय. ते बोलावतंय."

त्याने भुयाराच्या तोंडात सुकं गवत सैल कोंबलं. आत कोणी असेल किंवा परत येईल तर गवत हलेल, दोन रात्री नाही हललं तर घर रिकामं. पहाटे गवत तसंच होतं. त्याने दगडांच्या ढिगाजवळ जाऊन पाहिलं. तिथे ताज्या उकरण्याच्या खुणा होत्या, वाटीएवढ्या, हुमणी शोधल्याच्या. तिने बिऱ्हाड हलवलं होतं.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "आज रात्र पाहतो आणि उद्या बुजवतो."

"बुजवा. त्याच्याबरोबर मीही."

"कासी, मी कान लावून ऐकलं. काही नाही."

"तुम्ही भिंतीला कान लावता. मी नऊ दिवस त्याच्यावर झोपलेय."

शेहेचाळीस विटा, चार दिवसांचं काम. आणि तोडायचं कशावरून, तर नऊ दिवस न जेवलेल्या बाईला काय ऐकू येतं यावरून. नाझारिओने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आता स्वतःची भीती नव्हती. ती दुसऱ्या कोणासाठी अस्वस्थ होती, आणि अशी ती त्याला कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. त्याने तिला कातड्यांसकट उचलून चुलीजवळ ठेवलं. ती मेंढीपेक्षा हलकी झाली होती. मग त्याने टिकाव आणला.

स्वतःची वीट तोडायला वेळ लागतो. दुपार कलता कलता ओट्याचा माथा निघाला. आतली पोकळी अर्धी मातीने भरली होती. रोज पहाटे पुरत नसलेली ती माती सगळी इथे होती. त्याच्याच धुम्मसाने भुयाराचं छत आत ढासळलं होतं. त्याने हाताने माती काढली. मागच्या कोपऱ्यात घरटं लागलं.

ते गवताचं नव्हतं. ते केसांचं होतं. काळे, मग करडे, मग पांढरे, थरावर थर, वाटीसारखे वळलेले. विंचरताना निघालेले केस उघड्यावर टाकायचे नाहीत म्हणून कासिमीरा ते गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचत असे, या घरात आली तेव्हापासून. पट्टेवालीने ते एकूण एक खाली ओढून नेले होते.

मधोमध एक पिल्लू होतं. पोट खपाटीला गेलेलं, तोंड उघडं. आवाज निघत नव्हता, पण जबडा हलत होता.

"द्या इकडे," कासिमीरा म्हणाली.

"वास सोडेल."

"मग तुमची बरोबरी होईल. द्या."

त्याने घरटं अख्खंच उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आपल्या केसांत ते पिल्लू गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दाराकडे पाहिलं. ऊन लांबलं होतं. "आई कुठे आहे त्याची?"

"दगडांत. मी नेतो."

"तुमच्या हाताला घामाचा आणि लोखंडाचा वास आहे. ती घेणार नाही. माझा वास तिला माहीत आहे." आणि ती उठली.

चुलीपासून दारापर्यंत तिने भिंत धरली. दाराबाहेर धरायला काही नव्हतं. नाझारिओने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही, कारण तिचे दोन्ही हात गुंतले होते. शेताच्या बांधावरून ती एकेक पाऊल टाकत गेली. पावलागणिक थांबत होती, पण मागे वळत नव्हती. दगडांच्या ढिगापाशी पोचेतो उजेड विटकरी झाला होता.

तिने खाली बसून घरटं एका सपाट दगडावर ठेवलं आणि तिथेच बसून राहिली. दगडांतून नाक बाहेर आलं. मग पट्टे. पट्टेवालीने पाय आपटले. नाझारिओ दहा पावलांवर होता, त्याला ओरडून सांगायचं होतं की मागे हो. कासिमीराने तिच्याकडे सरळ पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, नाझारिओच्या मते फार वेळ. शेपटी उभी राहिलीच नाही. पट्टेवाली पुढे आली, कासिमीराच्या गुडघ्याला घासून गेली, पिल्लाची मान दातांत धरली आणि दगडांत शिरली. पुन्हा बाहेर आली, केसांचं घरटं धरलं आणि तेही ओढत आत नेलं.

कासिमीरा उठली. घागऱ्याला हात पुसले.

"घरी सूप आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "सुकवलेले बटाटे आहेत, शिजवायला ठेवतो."

"आणि मी झोपू कुठे? ओटा तर तुम्ही फोडून ठेवलात. चार दिवस लागतात म्हणता ना? मग आजच माती भिजत घाला."

ती घराकडे निघाली. उजेड संपला होता, चंद्र उगवायचा होता. बांध अरुंद, मध्ये मध्ये दगड वर आलेले, एका जागी पाण्याचा पाट. हा बांध नाझारिओने स्वतःच्या हाताने घातला होता, तरी तो दोनदा अडखळला. कासिमीरा पुढे चालत होती, मान खाली, जमिनीजवळ, पट्टेवाली माती हुंगते तशी, आणि पाट तिने न बघता ओलांडला. अंधारात ती एकदाही अडखळली नाही.